बॉर्लीची भुतं आणि आमची विहीर

जावयाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "बाबा, आलं तुमचं बॉर्ली. पण इथे तर काहीच नाही!"

खरंच काही नव्हतं. चढावरचा अरुंद रस्ता, एका अंगाला जुनं दगडी चर्च, त्याच्या आवारात कातरून घाटदार केलेली यूची झाडं, दुसऱ्या अंगाला कुंपणाआडची चार नीटनेटकी घरं. पलीकडे शेतं उतरत उतरत स्टूर नदीच्या खोऱ्यात गेलेली. नदीच्या अलीकडे एसेक्स परगणा, पलीकडे सफोक. जवळचं मोठं गाव सडबरी, चित्रकार गेन्सबरोचं जन्मगाव. बॉर्ली मात्र इतकं लहान, की कोकणात अशा वस्तीला कोणी गाव म्हणणार नाही, वाडी म्हणेल.

'इंग्लंडमधलं सर्वांत झपाटलेलं घर' म्हणून ज्याचा जगभर बोभाटा झाला, ते घर या कुंपणांमागच्या जागेत उभं होतं. १९४४ साली ते पाडलं. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. "पाडलेल्या घरातली भुतं बघायला सुट्टीचा दिवस घालवणारे तुम्हीच!" मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली. कोल्चेस्टरला तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो आणि पहिल्या दिवसापासून मी बॉर्लीचा धोशा लावला होता.

त्याला कारण होतं. १९८४ साली, बँकेत लागून दोनच वर्षं झाली असताना, फोर्टमधल्या फुटपाथवर एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. कव्हर गेलेलं, पानं तपकिरी झालेली. हॅरी प्राइस या गृहस्थाने १९४० साली या घरावर लिहिलेलं. त्या रात्री चाळीतल्या खोलीत मी दिवा न मालवता झोपलो. पुढे मी स्वतः कथा-कादंबऱ्या लिहू लागलो, त्यामागे त्या पुस्तकाचा हात मोठा आहे. ऋण कुठेतरी फेडायला हवं, एवढाच माझा हेतू होता. फेडायचं कोणाचं, हे मात्र तिथे गेल्यावर कळलं.

चौदा मुलांचं घर

रेक्टरी म्हणजे चर्चच्या पाद्र्याला राहायला असलेलं घर. बॉर्लीची ही रेक्टरी १८६२च्या सुमारास रेव्हरंड हेन्री डॉसन एलिस बुल यांनी बांधली. लाल विटांची, उंच धुराड्यांची, एकूण बेढब वास्तू. बुलसाहेबांना मुलं चौदा. घर पुरेना म्हणून आणखी एक भाग जोडला आणि मधोमध एक कोंदट चौक तयार झाला. अशा घरात एका टोकाला भांडं पडलं तर आवाज भलत्याच टोकाला येतो. ज्यांनी चौसोपी वाड्यात बालपण काढलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गावात एक दंतकथा होती. पूर्वी इथे मठ होता, तिथल्या एका साधूचं जवळच्या मठातल्या जोगिणीवर मन बसलं, दोघं घोडागाडीतून पळाली आणि पकडली गेली. त्याला फाशी झाली, तिला जिवंतपणी भिंतीत चिणलं. तेव्हापासून ती नन बागेत फिरते, आणि कधीकधी बिनमुंडक्याच्या गाडीवानाची घोडागाडी रस्त्यावरून धावते. गोष्ट चौदाव्या शतकातली म्हणून सांगत. पण बॉर्लीला मठ कधी नव्हताच, आणि अशा घोडागाड्या इंग्लंडमध्ये आल्या त्या सोळाव्या शतकात. दंतकथेला मात्र असल्या अडचणी येत नाहीत.

२८ जुलै १९०० रोजी, संध्याकाळच्या कातरवेळी, बुलसाहेबांच्या चार मुलींनी ती नन बागेत पाहिली. जवळ जाऊन बोलायचा प्रयत्न केला तशी ती नाहीशी झाली. वडील १८९२ सालीच वारले होते. त्यांच्या जागी आलेला मुलगा हॅरी बुल हाही भुतांच्या गप्पांत रमणारा. बागेत एक छोटं मंडपवजा घर होतं, तिथे बसून ननची वाट पाहायची. जेवणघराची एक खिडकी विटांनी बुजवलेली होती. नन तिथून टक लावून पाहते, जेवताना अन्न उतरत नाही, म्हणून ती बुजवली असं गावकरी सांगत.

हॅरी बुल १९२७ साली वारला. त्या थंड, अंधाऱ्या घरात यायला कोणी पाद्री तयार होईना. वीज नाही, नळ नाही, पाणी विहिरीचं. अखेर १९२८च्या ऑक्टोबरात रेव्हरंड गाय एरिक स्मिथ आणि त्यांची पत्नी राहायला आली. या स्मिथसाहेबांचं मूळ आपल्या कलकत्त्याचं. बाईंनी कपाट साफ करायला घेतलं, तर तपकिरी कागदात गुंडाळलेली एका तरुण स्त्रीची कवटी हाती आली. मग पावलं वाजू लागली, नोकरांना बोलावायच्या घंटा आपोआप घणघणू लागल्या. घाबरलेल्या दांपत्याने 'डेली मिरर' या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. म्हणजे आग विझवायला रॉकेलवाल्याला बोलावलं!

हॅरी प्राइस येतो

'मिरर'ने बातमीदार पाठवला आणि पाठोपाठ, १२ जून १९२९ रोजी, हॅरी प्राइसला. हा माणूस मोठा मजेदार. पोटापाण्यासाठी कागदाच्या व्यवसायात विक्रेता, छंद जादूचे प्रयोग आणि भुतांचा शोध. जादूवरच्या दुर्मिळ ग्रंथांचा त्याने जमवलेला संग्रह आजही लंडन विद्यापीठात आहे. बनवेगिरी करणाऱ्या कितीतरी माध्यमांना त्याने उघडं पाडलं होतं. तो बॉर्लीत आला त्याच दिवशी दगड उडू लागले, फुलदाणी भिरकावली गेली, आरशातून टकटक करून आत्मे उत्तरं देऊ लागले. तो गेला आणि सगळं थांबलं. हा योगायोग मिसेस स्मिथच्या लक्षात आला होता. घरात उंदीर आणि गावच्या अंधश्रद्धा यांखेरीज काही नव्हतं, असं तिने पुढे लिहून कळवलं. पण ती कंटाळवाणी ओळ कोण लक्षात ठेवणार?

१९३० साली तिसरे पाद्री आले, लायनेल फॉयस्टर. वय बावन्न, संधिवाताने जखडलेले. सोबत एकतीस वर्षांची पत्नी मेरियन आणि एक दत्तक घेतलेली लहान मुलगी. पुढची पाच वर्षं घराने थैमान घातलं. बाटल्या फुटत, काचा तडकत, मेरियनला पलंगावरून खाली फेकलं जाई. किल्ली नसलेल्या खोलीत मुलगी कोंडली जाई. आणि भिंतींवर पेन्सिलीने अक्षरं उमटत. त्यांत मेरियनच्या नावाने हाक मारलेली असे. मदत कर म्हणून, उजेड आणि प्रार्थना यांसाठी विनवणी असे.

फॉयस्टर मंडळी १९३५ साली गेली. मे १९३७ मध्ये प्राइसने वर्षाला ३० पौंड भाड्याने ते रिकामं घर घेतलं आणि 'टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन पहारेकरी मिळवले. अठ्ठेचाळीस जण, बहुतेक विद्यार्थी. रात्ररात्र जागून त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. मग १९३८ साली लंडनमध्ये प्लँचेट झालं. त्यात ननने आपलं नाव सांगितलं, मारी लॅर. फ्रान्समधून आले, वॉल्डग्रेव्ह घराण्यातल्या एकाशी लग्न केलं, त्याने माझा खून केला. दुसऱ्या एका आत्म्याने २७ मार्चच्या रात्री घर जाळणार असं बजावलं. त्या रात्री काही जळलं नाही. मात्र बरोबर अकरा महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, घराचा नवा मालक कॅप्टन ग्रेगसन पुस्तकं लावत असताना तेलाचा दिवा कलंडला आणि रेक्टरी जळाली!

१९४३ साली प्राइसने तळघर खणलं. दोन हाडं मिळाली, ती त्याने तरुणीची ठरवली. बॉर्लीचे गावकरी म्हणाले, ही डुकराची आहेत, आमच्या स्मशानात पुरायची नाहीत. अखेर ती शेजारच्या लिस्टन गावी पुरली गेली.

व्हाउचर कुठे आहे?

बँकेत मी बरीच वर्षं इन्स्पेक्शनला होतो. परगावच्या शाखेत जायचं, लॉजवर उतरायचं आणि दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या. तिथे एक गोष्ट शिकलो. कॅशबुक टॅली झालं म्हणजे हिशोब खरा असतोच असं नाही. नोंद दिसली की विचारायचं, व्हाउचर कुठे आहे? आणि नोंद खोटी निघाली, की लिहिणाऱ्याला लगेच चोर म्हणायचं नाही. तिने काय झाकलं आहे, ते पाहायचं. दहांतल्या आठ वेळा तिच्याखाली लोभ नसतो, अडचण असते.

बॉर्लीचं इन्स्पेक्शन लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेच्या तिघांनी केलं. डिंगवॉल, मिसेस गोल्डनी आणि हॉल. तिघंही भुताखेतांच्या अभ्यासातले मुरब्बी. प्राइस १९४८ साली वारला होता. १९५६ साली यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात एकेक नोंद सुटी केलेली होती. घंटा वाजत, त्यात उंदीर आणि जुन्या तारा. आवाज येत, त्यात त्या चौकाची रचना. काही प्रकार प्राइसने स्वतः केले असावेत, असा त्यांना दाट संशय. एकच उदाहरण पाहा. घर पाडताना हवेत तरंगणाऱ्या विटेचा फोटो प्राइसने आपल्या दुसऱ्या पुस्तकात मोठ्या दिमाखात छापला. त्या वेळी तिथे हजर असलेल्या 'लाइफ' मासिकाच्या बाईंनी पुढे सांगितलं, भिंतीआड एक मजूर विटा फेकत होता आणि प्राइसला ते ठाऊक होतं. आगीचंही तसंच. विमा कंपनीच्या चौकशीत ती मुद्दाम लावल्याचा निष्कर्ष निघाला. भुताने पॉलिसी काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि मेरियन? नवरा एकवीस वर्षांनी मोठा, दिवसेंदिवस पांगळा होत गेलेला. घराला वीज नाही, शेजार नाही, गावात पाद्र्याची बायको म्हणून चारही बाजूंनी डोळे रोखलेले. घरी राहणाऱ्या भाडेकरूशी तिचे संबंध होते आणि ते झाकायला तिने भुतांचा आडोसा घेतला, हे तिने नंतर कबूल केलं. १९३५ साली नवरा हयात असताना, त्याला आपला बाप म्हणून पुढे करून, तिने दुसरं लग्नही केलं. महायुद्धानंतर अमेरिकेला गेली आणि १९९२ साली तिकडेच वारली. तिला सती-सावित्री ठरवण्याचा माझा हेतू नाही. तिने फसवणूक केली, आणि एकदा नव्हे. पण भिंतीवरचा तो मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचतो. मदत कर, उजेड दे. तो भुताने तिला लिहिला असेल असं मला वाटत नाही. तिनेच लिहिला असेल, तर कोणाला उद्देशून?

तेवढ्या वर्षांत त्या घरात पाद्री आले, बातमीदार आले, संशोधक आले. अक्षरांचे फोटो काढले, शाई-पेन्सिलीची चर्चा झाली. तुला काय हवंय बाई, असं विचारल्याची नोंद मला कुठे सापडली नाही.

आम्ही चर्चकडे वळलो. दाराला कुलूप होतं. आवारात एक वयस्क बाई गुडघ्यांवर बसून थडग्यांभोवतीचं गवत काढत होत्या. आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "भुतांसाठी आलात?"

"नाही नाही, हे लेखक आहेत," जावयाने माझी बाजू सावरली.

"म्हणजे आणखी एक!" बाई म्हणाल्या. पण हसल्या. मग बोलत्या झाल्या. रात्री-अपरात्री गाड्या येतात, पोरं बॅटऱ्या मारतात, दगडांवर चढतात, म्हणून कुलूप. "सगळे त्या घरातल्या ननबद्दल विचारतात. ती कधी नव्हतीच. जी माणसं इथे खरी जगली, ती इथे या गवताखाली आहेत. त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही."

मी म्हटलं, "मग आम्हांला ती दाखवा."

त्यांनी हात पुसले, किल्ली आणली. आत सर एडवर्ड वॉल्डग्रेव्ह आणि त्यांच्या पत्नीची खांबांवर छत तोललेली भली थोरली समाधी आहे. दगडी नवराबायको शेजारी शेजारी निजलेली. एलिझाबेथ राणीच्या राज्यात घरी कॅथलिक पूजा करवली म्हणून या माणसाला लंडनच्या टॉवरमध्ये टाकलं आणि १५६१ साली तो तिथेच मेला. आपल्या पद्धतीने देवाचं नाव घेतलं, एवढाच गुन्हा. हा इतिहास खरा, कागदोपत्री सिद्ध, दगडात कोरलेला. पण रात्री बॅटरी घेऊन त्याच्यासाठी कोणी येत नाही. उलट त्याच्याच घराण्याच्या माथी प्लँचेटने एका काल्पनिक ननचा खून मारला.

आमच्या मागीलदारची विहीर

परतताना गाडीत मी गप्प होतो. मुलीला वाटलं, दमले. मला मात्र राजापूर तालुक्यातलं आमचं घर दिसत होतं.

आमच्या मागीलदारी विहीर आहे. दिवेलागणीनंतर तिकडे जायचं नाही, तिथे हडळ आहे, असं आम्हां पोरांना सांगत. ती हडळ म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. बाराव्या वर्षी विधवा झाली, माहेरी परत आली. आलवण नेसून माजघरामागच्या काळोख्या खोलीत राहिली, घरभराचं दळलं, कांडलं आणि १९३१ साली, तिशीत, एका पहाटे विहिरीत सापडली. पाय घसरला असं घरचे म्हणाले. गाव म्हणाला, विहिरीने घेतली. वर्षभरात ती हडळ झाली.

१९९४ साली एका दिवाळी अंकासाठी मी तिच्यावर भयकथा लिहिली. पाय उलटे, केस मोकळे, विहिरीच्या काठावर बसून हसणारी. कथा गाजली. लेखक म्हणून माझं नाव पहिल्यांदा झालं ते या कथेमुळे. मानधनाचा चेक आला, त्यातून घरात मिक्सर आला. सगळे खूश. माझ्या थोरल्या चुलतबहिणीचं, ताईचं, तेवढं पत्र आलं. "गोष्ट छान जमली आहे. घाबरले. पण तू तिला मोकळे केस दिलेस. तिचे केस न्हाव्याने काढले होते रे, हे तुला कोणी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. कथेत बसत नव्हतं म्हणून मी घातलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली तेव्हा माळ्यावर आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. सवयीने पानं उलटत बसलो. दरवर्षी तिच्या नावे एकच नोंद, लुगडी दोन. १९२९ साली एक जास्तीची नोंद दिसली. तिच्या नावे पाटी व पेन्सिल. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर ही बाई अक्षरं गिरवत होती आणि आजोबांनी, दबकत का होईना, तिला पाटी आणून दिली होती. पुढच्या वर्षी दोनदा, 'हिंगण्यास पोष्टकार्ड'. हिंगणे म्हणजे अण्णा कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम, हे वाचकांना सांगायला नको. त्यानंतर मी प्रवासखर्चाची नोंद शोधली. बोटीचं तिकीट, गाडीभाडं, काहीही. वही संपेपर्यंत पाहिलं. नव्हती. मग १९३१ साल आणि विहीर उपसल्याची मजुरी.

यातून सिद्ध काही होत नाही, हे मी जाणतो. इन्स्पेक्शन रिपोर्टात मी यावर एक ओळही लिहू शकलो नसतो. पण एवढं कळलं, की ज्या घरात कोणीतरी विचारायला हवं होतं, 'तिला जायचं होतं, मग तिला का पाठवलं नाही?', त्या घरात हडळ आली आणि प्रश्न मिटला. भूत म्हटलं की पुढची चौकशी थांबते. आमच्या बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकत. तात्पुरती. पण कित्येक रकमा तिथे वर्षानुवर्षं पडून राहत, आणि नवे अधिकारी येत ते त्यांना हात लावायला घाबरत.

हॅरी प्राइसवर रागवायचा अधिकार मला नाही. त्याने एक वीट उडवली, मी एक बाई.

परवा ताईकडे गेलो होतो. आता ती ऐंशीच्या घरात आहे. बॉर्लीची हकिकत सांगितली, वहीतल्या नोंदी दाखवल्या. तिने चष्मा लावून तिचं नाव वाचलं, त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, "पुढच्या पितृपक्षात हिच्या नावाने पान वाढ. आणि आता लिहिलंस, तर नावानिशी लिही."

पान वाढणार आहे. नाव मात्र इथे लिहीत नाही. एकदा तिला न विचारता तिला छापलं, तेवढं पुरे झालं. वहीतलं ते पान मी नव्या वाटणीत माझ्याकडे मागून घेतलं आहे. नातीला अक्षरओळख झाली की पहिल्यांदा तिच्याकडून ते नाव वाचून घ्यायचं ठरवलं आहे. मागीलदारी, विहिरीपाशी बसून. दिवेलागणीनंतर.